भीमेवरचा राहिलेला पूल

सलमाचा फोन आला तेव्हा मी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. "बाई, फुफी गेली," ती म्हणाली. फुफी म्हणजे आत्या. सलमा माझी जुनी विद्यार्थिनी आणि माझी मैत्रीण रशीदा तांबोळी हिची भाची. "सकाळी उठली, चहा मागितला. मी कप घेऊन आले तर..." पुढे तिला बोलवेना. आणि मी, चाळीसहून जास्त वर्षांच्या मैत्रीनंतर, काय बोलले असेन? मी विचारलं, "किती वाजता?" शब्द तोंडातून निघाले आणि माझी मलाच लाज वाटली. पलीकडे सलमा रडता रडता चक्क हसली. "सात वाजून दहा मिनिटांनी. फुफीने सांगूनच ठेवलं होतं, मी गेल्याचं कळवशील तेव्हा साठेबाई आधी वेळ विचारतील. घड्याळ बघून ठेव."

याला आता पाच आठवडे झाले. त्या दिवशी मी विश्रांतवाडीला तिच्या घरी गेले आणि बायकांमध्ये बसून राहिले. दफनाला पुरुषमंडळी गेली. कुणीतरी मला पाणी दिलं, कुणीतरी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हटलं, "नकाशा वाचणारी." त्या बाईंना काही उलगडा झाला नाही, आणि त्या दिवशी सगळं सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. संध्याकाळी ईशान, मीरा, तुम्हा दोघांचा फोन आला. मीराने विचारलं, "आजी, ती पुलांवाली आजी ना?" हो, तीच. पण तुम्हाला तिच्याबद्दल तेवढंच ठाऊक आहे, आणि माझ्याशिवाय बाकीचं सांगणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. पुरवणीच्या वाचकांनी दोन नातवंडांना लिहिलेलं पत्र समजून वाचावं.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत, एकाच जूनमध्ये लागलो. मी इंग्रजी शिकवत असे, ती भूगोल. पहिल्याच आठवड्यात तिने सूचनाफलकावर लावलेल्या इंग्रजी सूचनेतली एक चूक मी लाल पेन्सिलीने दुरुस्त केली. तुमच्या आजीला तेव्हा वाटे की असं करणं म्हणजे उपकार. दुसऱ्या दिवशी मी काढलेल्या परीक्षेच्या बैठकव्यवस्थेच्या आराखड्याखाली सुबक अक्षरात लिहिलेलं होतं : 'उत्तर दिशा दाखवलेली नाही. अर्धा गुण कापला.' त्या दिवशी आम्ही डबा एकत्र खाल्ला, आणि निवृत्त होईपर्यंत एकत्रच खात राहिलो. ती मला 'बाई' म्हणे, मी तिला 'बाई' म्हणे, आणि अहोजाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. पुण्यात त्यावाचून मैत्रीचं काही अडत नाही.

तिच्या वडिलांचं नाना पेठेत मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. भावाला ग्रीसचा वास सोसत नसे. तो पुढे बँकेत चिकटला. हिला मात्र तो वास आवडे. वडिलांनी तिला अठरा पूर्ण होताच गाडी शिकवली आणि सांगितलं, "इंजिन बोलतं, आपण गप्प बसून ऐकायचं." तिने लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेली फिकट निळी छोटी गाडी ती इतकी छान चालवायची की शेजारी बसलेल्या माणसाला चहा पिता यावा. मी थर्मासमधून प्यायलेही आहे, लक्ष्मी रस्त्यावर, गणपतीच्या आधल्या आठवड्यात.

आमच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. सातवीच्या वर्गात ती भीमा नदी काढत होती. फळ्यावर ती खडू न उचलता नदी काढत असे, भीमाशंकरापासून कृष्णेपर्यंत, एका दमात. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलीय का ही नदी?" हिने प्रामाणिकपणे सांगितलं, "दोनदा. एकदा नगर रस्त्यावर आणि एकदा सोलापूर रस्त्यावर." मुलगी म्हणाली, "म्हणजे मधली नाही पाहिली?" त्या दिवशी तिने डब्याला हात लावला नाही. "तीस वर्षं मी मधली नदी खडूने भरून काढली, बाई," ती म्हणाली. "आपण निवृत्त झालो की जाऊ. भीमेवर जितके पूल आहेत तितके सगळे, गाडीने ओलांडायचे."

नियम तिने केले, वही मी केली. जिथून चारचाकी जाते तो पूल. बंधाऱ्यावरून जात असेल तर बंधाराही चालेल. होडी चालणार नाही. चाकं दोन्ही काठांना लागली पाहिजेत. गाडीत आम्ही दोघीच, आणि चालवणार आमच्यातलीच एक. तिच्या भावाने ओळखीचा ड्रायव्हर देऊ केला तेव्हा ती म्हणाली, "मग तो पूल ड्रायव्हरचा झाला, आमचा कसा?" माझ्या वहीत रकाने होते : क्रमांक, गाव, दिवस, वेळ, पाण्याचा रंग, शेरा. निळ्या शाईने, खाडाखोड नाही. तुमचे आजोबा तेव्हा होते. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "जा खुशाल. फक्त पुलावर थांबून वाद घालू नका, मागे रांग लागते."

पहिला पूल भोरगिरीजवळ, भीमाशंकरच्या डोंगराखाली. इतका लहान की मी म्हटलं, हा पूल आहे की मोरी? तिने गाडी हळूहळू नेली आणि मधेच थांबवली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे. "एवढीशी असल्यापासून ओळखते असं उद्या म्हणता येईल," ती म्हणाली. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक दिवस, कधी दोन. सकाळी सहाला निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. वाडा, खेड, शेलपिंपळगाव... हमरस्त्यावरचे मोठे पूल लवकर संपले. खरी गंमत आडरस्त्यांवर होती. एकदा शिरूर तालुक्यात एका फरशी पुलावरून अजून पाणी जात होतं. काठावर एक म्हातारबाबा म्हशी घेऊन उभे होते. "पानी हाय अजून, नका घालू गाडी," ते म्हणाले. मग आमच्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "कुणाकडं आलाय?" रशीदा म्हणाली, "पुलाकडे." बाबांना ते पटेना. "पुण्यात न्हाईत व्हय पूल?" ती गंभीरपणे म्हणाली, "पूल आहेत हो बाबा. नदी नाही." बाबा इतके हसले की म्हैस दचकली. पाणी उतरेपर्यंत दोन तास आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो, आणि त्यांच्या सुनेने केलेली पिठलं-भाकरी खाऊन मगच पूल ओलांडला. शेरा या रकान्यात मी लिहिलं : 'पिठलं उत्तम.'

आता माझ्या चुकीकडे येते. मी ती तुम्हाला आजवर सांगितलेली नाही.

दौंडच्या वरच्या बाजूला घोड नदी येऊन भीमेला मिळते. नकाशावर दोन्ही नद्या तिथे जवळजवळ वाहतात, आणि आमच्या नकाशाची घडी नेमकी त्याच जागी होती. वापरून वापरून ती घडी पांढरी पडली होती. त्या दिवशी आम्ही श्रीगोंद्याकडून येत होतो आणि पारगावचा पूल करायचा होता. एका ठिकाणी रस्ता उतरला, समोर नदी आणि पूल. नदीच्या नावाची पाटी होती, पण तिच्यावर कुणातरी दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फलक बांधलेला. कुणाला विचारावं तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी घडी उलगडली, बोट ठेवलं आणि सांगितलं, "हाच." रशीदाने गाडी पलीकडे नेली, उतरली, पाण्याकडे बघत राहिली. "पाणी जरा कमी वाटतंय, नाही?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे." ती पुन्हा एकदा बघून म्हणाली, "असेल." मी शाईने लिहिलं : पारगाव, सकाळी अकरा वीस, पाणी हिरवट. तिथून न्हावरे, शिकरापूर करत नगर रस्त्याने आम्ही घरी आलो. तिने तीस वर्षं भूगोल शिकवला होता, आणि तरी माझ्या बोटावर विश्वास ठेवला.

पुढे चार हिवाळे लागले. सिद्धटेक, डिकसळचा जुना पूल, उजनीच्या खालचा सोलापूर रस्त्यावरचा लांबच लांब पूल, पंढरपूर, बेगमपूर. मग कर्नाटक. तिथे पाट्या वाचता येईनात, म्हणून ती चहाच्या टपरीवर उभी राहून नुसती नदीच्या दिशेने हात करी आणि 'भीमा?' म्हणे, माणसं हसून मान डोलावत. मधल्या काळात तुमचे आजोबा गेले. तेराव्यानंतर दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी वर खिडकीतून नको म्हणून हात हलवला. ती गाडी बंद करून खालीच बसून राहिली, पाऊण तास. शेवटी मीच थर्मास घेऊन उतरले. तिने चावी फिरवली आणि आम्ही निघालो. माझं आयुष्य पुन्हा रुळावर आलं ते त्या दिवशीच्या पुलावर, असं मी आज म्हणू शकते. तेव्हा मला फक्त चहा कडू झालाय एवढंच कळत होतं.

त्या शेवटच्या वर्षात ती सारखी विचारू लागली, "बाई, डावीकडे कुणी आहे?" मला वाटे, मला कंटाळा येऊ नये म्हणून मला काम देते आहे. मी मोठ्या निष्ठेने उत्तरं देत असे : सायकल आहे, शेळी आहे, कुणी नाही. यादगीरच्या पुढे, भीमा कृष्णेला मिळते त्याच्या आधीचा शेवटचा पूल आम्ही ओलांडला, उतरलो, एकमेकींचं अभिनंदन केलं. येताना सोलापूरच्या अलीकडे डावीकडच्या एका उभ्या बैलगाडीला आमची गाडी घासली. कुणाला लागलं नाही. पण मी "बैलगाडी आहे" हे दोनदा म्हटलं होतं आणि तिने "कुठे?" असं विचारलं होतं. ती उतरली, गाडीवानाची माफी मागितली, आणि माझ्याशेजारी येऊन बसून राहिली. मग आम्ही सोलापुरातून ड्रायव्हर बोलावला. त्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, बऱ्याच दिवसांपासून. कडेची नजर गेलेली होती. समोरचं दिसत होतं ते नळीतून बघावं तेवढं. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं किती टिकेल, ते डॉक्टर नक्की सांगेनात. मी तिला खूप बोलले. दिसत नसताना गाडी चालवलीत, स्वतःचा नाही तर रस्त्यावरच्या माणसांचा तरी विचार करायचा. तिने सगळं ऐकून घेतलं. "खरं आहे," ती म्हणाली. "कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. नदी संपायची होती ना." गाडी विकायला काढली. आणि मग, अगदी सहज, पदराने चष्मा पुसत म्हणाली, "एक बरं झालं बाई. सगळे पूल झाले. आता नाही दिसलं तरी नदी पुरी आहे माझ्याकडे."

त्या उन्हाळ्यात मी तिला भेट द्यायला वहीची शुद्ध प्रत करायला घेतली. सोबत लावायला बुधवार पेठेतल्या एका दुकानातून नवा, मोठा नकाशा आणला. नव्या नकाशाला अजून घडी पडलेली नव्हती. पारगावपाशी बोट ठेवलं आणि हात तिथेच थांबला. आमचा रस्ता पारगावला गेलाच नव्हता. आम्ही ओलांडली होती ती घोड.

एकोणीस दिवस मी गप्प बसले. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. स्वल्पविराम चुकला म्हणून मुलींचे अर्धे अर्धे गुण कापणारी बाई मी, आणि मनात म्हणत होते, कोण तपासणार आहे? तिचं समाधान कशाला मोडायचं? तिच्याकडे नदी पुरी आहे, असू दे. पण रोज तिला फोन करताना आवाज खोटा येई. आणि एक दुसरी गोष्टही होती. ती नदी पुरी नव्हती, आणि पुरी करायला तिच्याकडे डोळे उरले होते ते किती दिवस, कुणाला माहीत. मी गप्प बसून तेच दिवस खर्च करत होते.

विसाव्या दिवशी विश्रांतवाडीला गेले. सलमाने तिच्या डोळ्यांत थेंब घातले होते. त्यानंतर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असे. ते बरं पडलं. मी सगळं सांगून टाकलं, घडी, फलक, बोट, घोड नदी. ती हलली नाही.

"पाणी कमी वाटतंय म्हटलं होतं मी," शेवटी ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, उन्हाळा आहे."

"हो."

"जानेवारी होता, बाई."

मग ती भिंतीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे राहिला..." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तिच्या वडिलांच्या वेळीही नाही. जरा वेळाने म्हणाली, "असू दे. राहू दे आता. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." ती माझी समजूत घालू लागली तेव्हा मला ते सहन होईना, आणि काहीही न ठरवता मी म्हटलं, "मी नेते तुम्हाला."

"कशाने? रिक्षाने?"

"गाडी विकू नका. मी चालवते."

तिने डोळे उघडले. सदुसष्ट वर्षांची मी, आयुष्यात सायकलही न चालवलेली. ती हसायला लागली, आणि इतकी हसली की थेंब सगळे वाहून गेले, आणि सलमाला ते पुन्हा घालावे लागले.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथला शिकवणारा भला माणूस होता, पण पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजी, रिक्षा का नाही करत तुम्ही?" मी म्हटलं, "रिक्षावाले पारगावला येत नाहीत. ते कोथरूडलाही येत नाहीत." बाकीचा सराव रशीदाने घेतला. रविवारी सकाळी विश्रांतवाडीतल्या एका मोकळ्या मैदानात ती शेजारी बसे, मान ताठ, नजर समोर. मी सगळ्या कृती क्रमाने एका कार्डावर लिहून ते समोर चिकटवलं होतं : आरसा, क्लच, गिअर, हँडब्रेक. तिने ते सोडवून डोळ्यांजवळ धरून वाचलं. "समोरून ट्रक आला तर काय करायचं? कार्ड वाचून होईपर्यंत थांब म्हणायचं त्याला?" ती मला डोळ्यांनी शिकवू शकत नव्हती, कानांनी शिकवायची. "ऐका, विव्हळतंय बिचारं. वरचा गिअर मागतंय." "आता गुरगुरतंय. खालचा टाका." मी घाबरून ब्रेक दाबला की म्हणे, "वाक्य पूर्ण करत जा, बाई. दर शब्दाला पूर्णविराम कशाला?" परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. तीस वर्षं मुलींना नापास केलं, पण ते कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं. महिन्याने पुन्हा गेले आणि पास झाले. दरम्यान तिला वर्तमानपत्राचे मथळे वाचायलाही त्रास होऊ लागला होता. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो. फक्त सराव रविवारचा रोजचा झाला.

पारगावला निघालो तेव्हा पाऊस नुकताच सरला होता, नदीला पाणी होतं, आणि ऊसतोड सुरू झाली होती. मी ताशी तीसच्या वर गेले नाही. सोलापूर रस्त्याने चौफुला, तिथून डावीकडे. या वेळी नकाशा तर होताच, शिवाय मी चार ठिकाणी थांबून चार माणसांना विचारलं. पाचव्या वेळी रशीदा म्हणाली, "पुरे. आता गावकरी पोलिसांना बोलावतील." पूल आला. पाटी स्वच्छ होती : भीमा नदी. मी ती मोठ्याने वाचली, दोनदा.

पुलावर चढले आणि मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लागल्या. ते हॉर्न वाजवू लागले. ती उजवीकडे, माझ्यापलीकडे बघायचा प्रयत्न करत होती, मग डावीकडे. त्या नळीएवढ्या नजरेत नदीचा एकेक तुकडा सापडत असणार. "सांगा," ती म्हणाली. मी सांगू लागले, विस्तीर्ण, संथ, उन्हात चमचमणारं पाणी... "विशेषणं नकोत. रुंदी सांगा." मी म्हटलं, शाळेच्या मैदानाच्या दीडपट. "प्रवाह कुठल्या काठाला लागून आहे?" उजव्या. "वाळू कुठे?" डाव्या बाजूला, लांबपर्यंत. "म्हणजे वर वळण असणार." आहे, मी म्हटलं, झाडांच्या मागे वळलीय. मागचे हॉर्न चढले होते. "वाजू देत," ती म्हणाली, "तुम्ही वाक्य पूर्ण करा." आणि मी पहिल्यांदाच ब्रेक न दाबता, गिअर न चुकवता, एका गतीने पुलाच्या टोकापर्यंत गेले. चाकं पलीकडच्या काठाला लागली.

बाजूला गाडी लावली. ट्रॉलीवाला पुढे जाताना ओरडला, "आजी, लायसन हाय का?" मी पर्समधून काढून दाखवलं, तो हात जोडून गेला. रशीदा उतरून चाचपत पुढे आली आणि धुळीने भरलेल्या बॉनेटवर बोट टेकवून भीमा काढू लागली, फळ्यावर काढत असे तशीच, न थांबता. चास, खेड, कोरेगाव. मुळामुठा कुठे येते तिथे एक लहान रेघ. पारगावपाशी तिचं बोट जरा रेंगाळलं, तिथे तिने माझ्या सांगण्यातलं वळण घातलं, आणि मग पुढे उजनी, पंढरपूर, कर्नाटक, थेट हेडलाइटपर्यंत. "झाली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती म्हणाली थेंबांचं आहे, आणि मी तेही मान्य केलं. परतताना तिने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं दमली. चौफुल्यापाशी म्हणाली, "बाई, घोडेवर पूल एकूण किती असतील?"

"का?"

"एक तर आपला झालेलाच आहे."

तर मुलांनो, तुमची आजी गेली सहा वर्षं दर महिन्याला एक रविवार घोड नदीवर असते ती अशी. आम्ही घाई केली नाही. घाई करायचं कारण उरलं नव्हतं. तिची नजर हळूहळू जायची ती गेली, पण नदी आता ती माझ्याकडून ऐकून बघायची, आणि मला विशेषणांशिवाय बोलायला आलं, हे तिने माझ्यावर केलेले उपकार. शेवटच्या वर्षी तिला काहीच दिसत नव्हतं. तरी पुलावर चाकं चढली की आवाज बदलतो तो तिला माझ्याआधी कळे, आणि ती पदर सावरून, पाहुण्यांसमोर बसावं तशी ताठ बसे. घोडेवरचे तीन पूल अजून राहिलेत.

मागच्या रविवारी मी सलमाला बरोबर नेलं. ती म्हणाली, बाई, मला नेणार का? मी म्हटलं, नियम आहेत, गाडीत दोघीच. ती म्हणाली, दोघीच तर आहोत. सलमा उंच आहे, वडिलांवर गेलेली. गाडीत बसली आणि तिचे गुडघे पुढे आदळले, कारण डावीकडची सीट रशीदाच्या मापाची, पार पुढे ओढलेली. खालच्या कळीला हात लावून सलमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरकव की, सगळा रस्ता असं कसं बसशील?" तिने सीट मागे घेतली. आम्ही आंबेगावच्या बाजूचा एक पूल केला. पाणी तांबूस, वेळ दहा पाच, सलमाला रुंदी सांगता येत नाही पण शिकेल. घरी आल्यावर ती उतरली, दार लावता लावता थांबली, पुन्हा वाकली आणि सीट खटकन पुढे ओढून जागच्या जागी बसवली.

सीट तशीच आहे. मीरा, गेल्या सुट्टीत मी तुला दाराच्या चौकटीपाशी उभं करून मापलं होतं, तेव्हा तू तांबोळी आजीच्या बरोबर कपाळाला लागत होतीस. आता तिच्याएवढी झाली असशील. डिसेंबरमध्ये येशील तेव्हा ती सीट हलवावी लागणार नाही.